संकेतस्थळाचे मुखपृष्ठ : चित्र आणि पान

शाळेचे स्वतःचे संकेतस्थळ असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. ते तयार करण्याचे काम बहुधा संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांकडे आणि त्यांच्या हाताखालच्या चार-पाच उत्साही विद्यार्थ्यांकडे येते. पहिला प्रश्न उभा राहतो तो मुखपृष्ठाचा, म्हणजे ज्याला सर्वजण होम पेज म्हणतात त्याचा. ते कसे दिसावे? शाळेचे बोधचिन्ह कुठे, इमारतीचे छायाचित्र केवढे, सूचना कोणत्या बाजूला? हे ठरवण्याची एक सोपी आणि स्वस्त रीत म्हणजे चित्रसंपादनाच्या प्रणालीत मुखपृष्ठाचे चित्र आधी रंगवून पाहणे. घर बांधण्यापूर्वी आपण नकाशा काढतो, तसेच हे. नकाशावर भिंत पुसून दुसरीकडे काढायला काही खर्च येत नाही.

मात्र नकाशा म्हणजे घर नव्हे. मुखपृष्ठाचे चित्र आणि मुखपृष्ठाचे पान यांत असाच फरक आहे. तो नीट समजला नाही तर दिसायला देखणे पण उपयोगाला कुचकामी असे पान तयार होते. या लेखात आपण चित्र कसे काढायचे ते पाहू, आणि ते काढताना पानाचे भान कसे ठेवायचे तेही पाहू.

साधन कोणते?

अडोबी कंपनीची फोटोशॉप ही प्रणाली फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आली. पुढे अमेरिकेतील बर्कली येथील स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली गिंप या प्रणालीचे काम सुरू केले. गिंप मोफत मिळते, तिची प्रत कोणीही कोणालाही देऊ शकतो आणि ती साध्या संगणकावरही चालते, म्हणून शाळेसाठी ती सोयीची आहे. व्यावसायिक लोक पानाच्या मांडणीसाठी आज फिग्मासारख्या वेगळ्या प्रणाली वापरतात. तरीही पडद्यावरचे चित्र कशाचे बनलेले असते हे विद्यार्थ्यांना शिकवायचे असेल, तर चित्रसंपादकाइतके चांगले साधन नाही.

आधी यादी, मग रेघ

संगणक सुरू करण्यापूर्वी एक कागद घ्यावा. या पानावर कोण येणार आणि कशासाठी, हे त्यावर लिहून काढावे. प्रवेशाची तारीख शोधणारे पालक, वेळापत्रक पाहणारे विद्यार्थी, दूरध्वनी क्रमांक हवा असलेले माजी विद्यार्थी, अशी ती यादी होईल. मग प्रत्येकाला हवी असलेली माहिती महत्त्वाच्या क्रमाने मांडावी. अनेक साध्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बिंदू रुंद व ७६८ बिंदू उंच असतो, आणि त्यातला काही भाग ब्राउझरच्या पट्ट्या खातात. खाली न सरकवता दिसते ती उंची सुमारे ६०० बिंदूंची. एवढ्या जागेत काय बसवायचे हा खरा निर्णय आहे. ती सगळी जागा इमारतीच्या छायाचित्राने भरली, तर प्रवेशाची तारीख शोधणाऱ्या पालकांना पहिल्या नजरेत काहीच मिळत नाही.

पडदा म्हणजे आलेखाचा कागद

संगणकाचा पडदा म्हणजे बारीक चौकटींचा आलेखाचा कागदच. प्रत्येक चौकट म्हणजे एक पिक्सेल किंवा चित्रबिंदू. त्याला एका वेळी एकच रंग असतो. गिंपमध्ये नवे चित्र उघडताना त्याची रुंदी व उंची बिंदूंत विचारली जाते. आपण १२८० रुंद आणि १६०० उंच असे चित्र घेऊ.

आता या रुंदीचे भाग पाडायचे. मांडणी करणारे लोक बहुधा १२ स्तंभ पाडतात. बाराच का, हा प्रश्न पाचवीच्या वर्गातही विचारता येईल. १२ ला २, ३, ४ आणि ६ या सर्वांनी निःशेष भाग जातो, म्हणून त्याच जाळीत दोन, तीन किंवा चार समान रकाने बसतात. १० स्तंभ घेतले तर तीन समान रकाने पाडता येत नाहीत.

आपल्या चित्रात दोन्ही कडांना ५०-५० बिंदूंचा समास सोडू. उरले ११८०. त्यात ८० बिंदूंचे १२ स्तंभ आणि त्यांच्या मधल्या २० बिंदूंच्या ११ मोकळ्या पट्ट्या बसतात, कारण ९६० अधिक २२० बरोबर ११८०. तीन समान रकाने हवे असतील तर प्रत्येक रकाना चार स्तंभ आणि त्यांमधल्या तीन पट्ट्या मिळून ३८० बिंदूंचा होतो. असे तीन रकाने व मधल्या दोन पट्ट्या मिळवल्या की पुन्हा ११८०. दोन रकाने केले तर प्रत्येकी ५८०, चार केले तर प्रत्येकी २८०. बेरीज दर वेळी तीच येते. विद्यार्थ्यांना ही पडताळणी करायला जरूर सांगावे.

गिंपमध्ये वरच्या आणि डाव्या बाजूला मोजपट्ट्या असतात. डावीकडच्या मोजपट्टीवर माऊसचे बटण दाबून उजवीकडे ओढले की एक उभी मार्गरेषा चित्रावर येते. ५०, १५०, २५० अशा शंभर-शंभरच्या अंतरावर या रेषा लावल्या की प्रत्येक स्तंभाची डावी कड मिळते. या रेषा चित्राचा भाग होत नाहीत. फळ्यावर सरळ लिहिण्यासाठी आपण आधी फिकट रेघा आखतो, तेवढेच त्यांचे काम. बोधचिन्ह, मथळा, सूचना यांच्या डाव्या कडा याच रेषांना टेकवाव्यात. चार-सहा बिंदूंचा फरक वेगळा ओळखू येत नाही, पण पान विस्कळीत वाटते ते बहुधा त्यामुळेच.

स्तरांची युक्ती

चित्रसंपादकाची सर्वांत मोठी सोय म्हणजे स्तर, ज्यांना लेयर म्हणतात. पारदर्शक कागदांची चळत डोळ्यांसमोर आणावी. सर्वांत खालच्या कागदावर पार्श्वभूमीचा रंग, त्यावरच्या कागदावर छायाचित्र, त्याच्या वर मथळा. वरून पाहिले की सर्व मिळून एक चित्र दिसते, पण मथळा सरकवला म्हणून छायाचित्राला धक्का लागत नाही. इतिहासाच्या शिक्षकांनी नकाशावर पारदर्शक कागद ठेवून वेगवेगळ्या काळच्या राज्यांच्या सीमा दाखवल्या असतील, तर कल्पना लगेच समजते.

प्रत्येक स्तराला ‘मथळा’, ‘सूचना-फलक’, ‘बोधचिन्ह’ असे नाव द्यायची सवय लावावी. वीस स्तर झाले की कोणता कशाचा ते कळेनासे होते. चित्र जपून ठेवताना गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपात ठेवावे, कारण त्यात स्तर सुटे राहतात. जेपेग स्वरूपात सर्व स्तर चिकटून एकच होतात आणि पुन्हा सुटे करता येत नाहीत.

रंग : आवड आणि गणित

प्रत्येक बिंदूचा रंग तीन आकड्यांत लिहिलेला असतो : लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किती, प्रत्येक आकडा ० ते २५५. म्हणजे २५६ गुणिले २५६ गुणिले २५६, एकूण १,६७,७७,२१६ रंग. एवढ्यांतून निवड करायची म्हटल्यावर ‘मला आवडतो’ एवढे कारण पुरत नाही. अक्षरे वाचता आली पाहिजेत, आणि त्यासाठी मोजमाप आहे.

आपल्या डोळ्याला तिन्ही रंगांचा प्रकाश सारखाच उजळ वाटत नाही. पांढऱ्या रंगाची दीप्ती १ धरली, तर तिच्यात हिरव्याचा वाटा ०.७१५२, लालचा ०.२१२६ आणि निळ्याचा फक्त ०.०७२२ असतो. दोन रंगांतील विरोध काढण्यासाठी अधिक उजळ रंगाच्या दीप्तीत ०.०५ मिळवायचे, कमी उजळ रंगाच्या दीप्तीतही ०.०५ मिळवायचे आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. पांढऱ्यावर काळा असेल तर १.०५ भागिले ०.०५, म्हणजे २१. हा सर्वांत मोठा विरोध.

आता पांढऱ्या पार्श्वभूमीवर शुद्ध रंगांची अक्षरे घेऊन पाहू. निळ्यासाठी १.०५ भागिले ०.१२२२, म्हणजे सुमारे ८.६. लालसाठी सुमारे ४. हिरव्यासाठी १.३७. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा मिळून ०.९२७८, म्हणून त्याचा विरोध अवघा १.०७. वेब कन्सॉर्शियमच्या २००८ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुराला हा विरोध किमान ४.५ असावा आणि मोठ्या अक्षरांना किमान ३. याचा अर्थ शुद्ध निळा उत्तीर्ण, शुद्ध लाल फक्त मोठ्या मथळ्यापुरता चालेल, हिरवा व पिवळा नापास.

राखाडी रंगाचे गणित जरा वेगळे आहे, कारण आकडा निम्मा केला म्हणून प्रकाश निम्मा होत नाही. १२८ या आकड्याला प्रकाश पूर्ण पांढऱ्याच्या सुमारे २२ टक्केच असतो. पांढऱ्यावर राखाडी अक्षरे हवीत तर तिन्ही आकडे ११८ असेपर्यंत विरोध ४.५ च्या वर राहतो, ११९ ला तो खाली जातो. फिकट राखाडी अक्षरे नाजूक व सुंदर वाटतात खरी, पण उतारवयातील आजोबांना किंवा उन्हात उभे राहून फोन पाहणाऱ्या आईला ती वाचता येत नाहीत.

आणखी एक दक्षता. लाल व हिरवा यांतील फरक ज्यांना नीट ओळखू येत नाही अशी मुले, विशेषतः मुलगे, आपल्या वर्गात असू शकतात. म्हणून ‘लाल अक्षरांतील सूचना तातडीच्या’ अशी केवळ रंगावर विसंबणारी योजना करू नये. ‘तातडीचे’ हा शब्दच लिहावा. चित्र तात्पुरते राखाडी करून पाहिले की मांडणी रंगावाचून उभी राहते की नाही ते कळते.

देवनागरीची गरज

मांडणीची बहुतेक पुस्तके रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार येतात आणि अक्षराच्या खाली उकार व जोडाक्षरांचे भाग. त्यामुळे ओळींमधले अंतर रोमनपेक्षा जास्त ठेवावे लागते. मांडणी तपासताना ‘मजकूर येथे येईल’ असे लिहू नये. ‘कीर्ती’, ‘स्फूर्ती’, ‘राष्ट्रीय’, ‘वर्तृळ’ नव्हे तर ‘वर्तुळ’ असे खरे शब्द लिहून पाहावेत. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकत असेल तर लगेच दिसते.

दुसरी गोष्ट अक्षरांच्या जुळणीची. युनिकोड या प्रमाणित संकेतात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे. त्यात ‘कि’ साठवताना आधी ‘क’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी येते, म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमाने. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरांची जुळणी करणारी यंत्रणा प्रणालीत नसेल, तर वेलांटी भलत्या अक्षरापुढे जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात. गिंपमध्ये ही यंत्रणा आहे. टंक मात्र युनिकोडचा निवडावा. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्ता व बालू हे टंक मोफत मिळतात.

छायाचित्राचे वजन

आज फोनच्या कॅमेऱ्यातून ४००० गुणिले ३००० बिंदूंचे छायाचित्र सहज निघते, म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू. मुखपृष्ठावर ते ४०० गुणिले ३०० एवढ्या जागेत दिसणार असेल, तर तिथे बिंदू लागतात १ लाख २० हजार. शंभरातले नव्याण्णव बिंदू पालकांच्या फोनपर्यंत पोचतात आणि वाया जातात. म्हणून चित्राचे माप आधी कमी करावे. दाट बिंदूंच्या पडद्यांवर ते रेखीव दिसावे यासाठी लांबी-रुंदी दुप्पट ठेवली, तरी मूळच्या पंचवीसपट हलके होते.

मग स्वरूप निवडावे. प्रत्येक बिंदूला तीन बाइट लागतात. ८०० गुणिले ६०० च्या चित्राला १४,४०,००० बाइट झाले. ते आक्रसण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. जेपेग ही रीत चित्राचे ८ गुणिले ८ बिंदूंचे तुकडे करते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळते. उजळपणातले फरक आपल्याला जितके तीव्रतेने कळतात तितके रंगातले कळत नाहीत, याचाही ती फायदा घेते. छायाचित्रासाठी ती उत्तम. पीएनजी ही रीत काहीच गाळत नाही. ‘निळा, निळा, निळा’ असे शंभरदा लिहिण्याऐवजी ‘निळा शंभर वेळा’ असे लिहावे, तशा प्रकारची बचत ती करते. बोधचिन्ह किंवा आलेख यांसारख्या सपाट रंगांच्या चित्रांना ती योग्य. बोधचिन्ह जेपेगमध्ये ठेवले तर रेषांच्या कडेला मळकट ठिपके दिसू लागतात. गिंपमध्ये दोन्ही रीतींनी चित्र निर्यात करून, २०० टक्के मोठे करून शेजारी शेजारी पाहावे.

चित्रातून पानाकडे

येथवर जे झाले ते चित्र. आता खरा मुद्दा. हे चित्र तसेच्या तसे संकेतस्थळावर चढवले तर काय बिघडेल?

असा मोह नवा नाही. पहिले संकेतस्थळ १९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेतून लोकांसमोर आले, तेव्हा त्यात केवळ मजकूर होता. १९९३ मध्ये मोझेक या ब्राउझरने मजकुराच्या जोडीने चित्रे त्याच खिडकीत दाखवली आणि पान सजवण्याची हौस सुरू झाली. त्या काळी पानाच्या मांडणीवर ताबा ठेवण्याची साधने तुटपुंजी होती. म्हणून रचनाकार संपूर्ण पान चित्रसंपादकात रंगवत, त्याचे आयताकृती तुकडे कापत आणि ते तुकडे एका अदृश्य तक्त्याच्या घरांत बसवत. १९९९ साली फोटोशॉपच्या ५.५ या आवृत्तीसोबत इमेजरेडी ही जोडप्रणाली आली, तिच्यात हे तुकडे करण्याची खास सोय होती. मराठीत तर आणखी एक अडचण होती. वाचणाऱ्याच्या संगणकावर नेमका आपलाच टंक असेल याची खात्री नसे. त्यामुळे मराठी मजकुराचे चित्रच करून पानावर ठेवणे हा त्या वेळी एक व्यवहार्य मार्ग होता.

आज ती कारणे उरलेली नाहीत, पण सवय उरली आहे. शाळेची सूचना टंकलिखित करायची, तिचे चित्र काढायचे आणि ते पानावर चिकटवायचे, हे सर्रास चालते. त्याची किंमत मोजून पाहू. सहाशे अक्षरचिन्हांची सूचना युनिकोडमध्ये, नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीने, प्रत्येक चिन्हाला तीन बाइट धरून फार तर १,८०० बाइटची होते. तिचे ८०० गुणिले ५०० बिंदूंचे चित्र केले तर कच्चे माप १२,००,००० बाइट, आणि आक्रसूनही ते मजकुराच्या अनेक पट जड राहते. चित्रातली अक्षरे लहान पडद्यावर नव्याने ओळी पाडून बसत नाहीत, ती फक्त बारीक होतात. त्यातून दूरध्वनी क्रमांक उचलून घेता येत नाही. शोधयंत्राला त्यात शाळेचे नाव सापडेलच अशी खात्री नाही.

सर्वांत मोठी किंमत मोजतात ते दृष्टिहीन वाचक. एनव्हीडीए यासारख्या मोफत प्रणाली पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतात, मराठीतही. मजकूर मजकूर म्हणून असेल तर दृष्टिहीन आईला आपल्या मुलाच्या प्रवेशाची तारीख कोणाला न विचारता कळते. त्याचे चित्र केलेले असेल तर तिला ऐकू येते फार तर ‘चित्र’ एवढेच. इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सर्वांना वापरता येईल अशा रूपात मिळावा यासाठी शासनाने उपाय योजावेत, असे अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१६ चा कायदा सांगतो. शाळेने कायद्याची वाट पाहायचे कारण नाही.

म्हणून विभागणी अशी करावी. मांडणीच्या चित्रातून पानावर जाणारी चित्रे दोनच प्रकारची : छायाचित्रे आणि बोधचिन्ह. त्या प्रत्येकाला पर्यायी मजकूर जोडावा, उदाहरणार्थ ‘प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक हाताळणाऱ्या आठवीच्या विद्यार्थिनी’. उरलेल्या सर्व गोष्टी, म्हणजे मथळे, सूचना, वेळापत्रक, पत्ता, मजकूर म्हणूनच जाव्यात. पानाची रचना एचटीएमएल सांगते आणि त्याचे रूप सीएसएस सांगते. आपण चित्रातून त्यांच्यासाठी आकडे घ्यायचे : समास ५०, पट्टी २०, रकाना ३८०, मथळ्याचा रंग अमुक तीन आकडे. पानाची भाषा मराठी आहे हेही एचटीएमएलमध्ये नोंदवावे. वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला त्यामुळे योग्य उच्चार निवडता येतो, आणि काही टंकांत ‘ल’ व ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची दिसतात.

लहान पडद्याचे दुसरे चित्र

कागदाचे माप ठरलेले असते, पडद्याचे नसते. एकच पान पडद्याच्या मापानुसार बदलत जावे, ही कल्पना ईथन मार्कोट यांनी २०१० साली एका लेखात मांडली आणि ती सर्वमान्य झाली. आपल्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की एक चित्र पुरत नाही. ३६० बिंदू रुंदीचे दुसरे चित्र काढावे. फोनच्या पडद्यावर प्रत्यक्षात १०८० बिंदू असले तरी ब्राउझर अनेकदा तीन-तीन बिंदूंचा एक मानतो, म्हणून मांडणीपुरती रुंदी ३६०.

येथे बारा स्तंभ चालत नाहीत. रकाने एकाखाली एक येतात आणि मग क्रमाचा प्रश्न उभा राहतो : आधी काय? याचे उत्तर आपण सुरुवातीलाच कागदावर लिहिले आहे. ती यादी येथे कामी येते. ज्यांच्याकडे संगणक नाही अशा पालकांसाठी हे लहान चित्र हेच शाळेचे मुखपृष्ठ असते. म्हणून आमचा सल्ला असा की ते आधी काढावे आणि मोठे नंतर.

वर्गात करून पाहण्यासाठी

एक : विद्यार्थ्यांचे गट करून प्रत्येक गटाने एकाच यादीवरून ३६० रुंदीची मांडणी करावी. मग दुसऱ्या गटातील मुलाला ‘शाळेचा दूरध्वनी क्रमांक शोध’ असे सांगून किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजावे.

दोन : शाळेच्या गणवेशाचे दोन रंग घ्यावेत, त्यांचे तीन-तीन आकडे गिंपमधून वाचावेत आणि त्यांतील विरोध ४.५ च्या वर जातो का ते पाहावे. मधल्या आकड्यांसाठी आकडेमोड थोडी मोठी आहे, ती मोठ्या मुलांनी तक्ता-प्रणालीत करावी.

तीन : एकच सूचना मजकूर म्हणून व चित्र म्हणून अशा दोन पानांवर ठेवावी. वाचून दाखवणारी प्रणाली सुरू करावी, पडदा बंद करावा आणि दोन्ही पाने सर्वांनी ऐकावीत. या प्रयोगाला पाच मिनिटे पुरतात. त्यानंतर सूचनेचे चित्र पानावर चिकटवू नये हे विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागत नाही.